लग्नाशिवाय एकत्र राहणं, सोलापुरात: कागद, घर, पैसा – आधी काय बघून ठेवावं?

रामवाडीकर
प्रश्न सरळ आहे. तिशी ओलांडलेली दोघं, दोघंही कमावती. लग्न न करता जुळे सोलापूरकडे भाड्याने घर घेऊन एकत्र राहायचं म्हणतायत. तो अविवाहित. तिचं आधी लग्न झालेलं, आता वेगळी आहे. चूक की बरोबर हा वाद कृपया नको, तो पुणेकरांनी आपल्या वाट्याचाही घालून झालाय. मला व्यवहार हवाय. घरमालक, पोलीस, बँक, दवाखाना, उद्या मूल झालं तर त्याचा दाखला, यात काय अडतं? माझं मत असं की आपल्याकडे लोकांच्या तोंडापेक्षा कागदच जास्त आडवे येतात.

कडकभाकरी
लोकांची तोंडं आडवी येत नाहीत? कुठल्या सोलापुरात राहता बे? इथं दुधाची पिशवी अर्ध्याची एक लिटर झाली तरी खालच्या मजल्याला कळतं.

विजापूररोड_जागा
भाड्याचं मी सांगतो, धंदाच तो आहे.

करार लीव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड त्यालाच. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात. मालक "कशाला खर्च" म्हणाला की हे त्याला ऐकवा, लगेच तयार होतो.

खर्च तसा किरकोळ. समजा भाडं ८,००० आणि अनामत ३०,०००. अकरा महिन्यांचं भाडं ८८,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून अकरा महिन्यांचे २,७५०. बेरीज ९०,७५०, त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे साधारण २२७ रुपये मुद्रांक. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायतीत ५००. बाकी एजंटची मजुरी. आधार आणि अंगठा लावून घरबसल्या होतं.

आता खरी गोष्ट. करारात दोघांचीही नावं परवानाधारक (म्हणजे राहणारा भाडेकरू) म्हणून टाका. बहुतेक जण एकाच्या नावावर करतात आणि दुसरं माणूस "सोबत राहणारे" मध्ये ढकलतात. मग भांडण झालं की ज्याचं नाव नाही त्याची बॅग जिन्यात. शिवाय दोघांची नावं असली की तोच करार दोघांना पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, गॅसला, बँकेला, आधारच्या पत्ताबदलाला.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते. फोटो, आधार, आधीचा पत्ता आणि ओळखीचे दोघं, एवढंच. लग्नाचा दाखला त्यात लागत नाही. सोसायटी असेल तर मालकाने सोसायटीला कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. परवानगी मागायची नाही. ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. कमिटीने "बॅचलर चार्ज" म्हणून वेगळं काही काढलं तर लेखी मागा. लेखी कोणी देत नाही.

शेंगाचटणी
नात्याच्या रकान्यात सरळ पती-पत्नी लिहून टाकायचं. कोण विचारतंय?

काळाकोट
@शेंगाचटणी, आत्ता कोणी विचारत नाही. विचारतं ते भांडण झाल्यावर, आणि तेव्हा समोरचा वकील विचारतो. सहीच्या कागदावर खोटं नातं लिहू नका. रकाना रिकामा ठेवा किंवा "सहपरवानाधारक" लिहा.

@रामवाडीकर, "आता वेगळी आहे" म्हणजे नक्की काय? घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा आहे का? हे कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेत आहे.

गिरणी_नाना
एवढं कशापायी? दोघं तिशीच्या पुढचे, शहाणे. नोंदणी पद्धतीने लग्न करून मोकळं व्हावं. ना हुंडा ना वाजंत्री. मंगल कार्यालयाला दोन-तीन लाख घालणाऱ्यांपेक्षा बरं.

नवीपेठ_७
नानांना अनुमोदन, फक्त पद्धत नीट सांगतो. लोक "कोर्ट मॅरेज" म्हणतात पण त्यात कोर्ट नसतं, विवाह अधिकारी असतो.

विशेष विवाह कायदा १९५४. वर २१, वधू १८. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस द्यायची, ती फलकावर लागते, ३० दिवस आक्षेपांची मुदत. त्यानंतर ३ साक्षीदार घेऊन सह्या. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस मेली, परत पहिल्यापासून. फसतं कुठं? नोटीस देऊन लोक मुहूर्त शोधत बसतात आणि ३ महिने उलटतात. दुसरं, साक्षीदारांच्या ओळखपत्रावरचं नाव आणि सहीतलं नाव जुळत नाही.

आक्षेप कोणीही घेऊ शकतं, पण कारण कायद्यातलं लागतं. आधीचा जोडीदार हयात असणं, वय, संमती देण्याची मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. "आमच्या जातीची नाही" हे कारण नाही. अधिकाऱ्याने आक्षेपाची चौकशी ३० दिवसांत संपवायची असते.

विधी करून आधीच लग्न लावलं असेल तर वेगळा रस्ता. राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेत नमुना ड भरायचा, वर-वधू, ३ साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही. ९० दिवसांच्या आत.

गड्डा_यात्रा
आपल्याकडे तर दरवर्षी सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं. संमती कट्ट्यावर लाखभर माणूस अक्षता टाकायला उभं. ना नोटीस ना नमुना ड, आणि आक्षेप घ्यायची कोणाची टाप नाही. 😀

कडकभाकरी
कट्ट्याचं नावच संमती आहे, अजून काय पाहिजे.

अशोकचौक
नानांचं "लग्न करून मोकळं व्हा" सगळ्यांना लागू पडत नाही. पूर्वभागात बघा. गिरणी कामगारांच्या, यंत्रमाग कामगारांच्या विधवा ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची पेन्शन घेतात. किमान १,००० रुपये, २०१४ पासून तेवढीच. ती पेन्शन मृत्यू किंवा पुनर्विवाह यांपैकी जे आधी होईल तोवर. दरवर्षी हयातीच्या दाखल्यासोबत पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून द्यावं लागतं. विडी वळून पोट भरणाऱ्या बाईला ते हजार रुपये म्हणजे लाइटबिल आणि गॅस. ती दुसऱ्या माणसाबरोबर राहील, पण लग्नाची नोंद करणार नाही. शहाणपणाचंच आहे ते.

फक्त एक चूक टाळा. देवळात हार घालून, फोटो काढून, चार लोकांना जेवू घालून पुन्हा "पुनर्विवाह केला नाही" वर अंगठा देऊ नका. ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं, आणि तक्रार करणारं माणूस भावकीतलंच असतं. एकत्र राहणं म्हणजे पुनर्विवाह नव्हे. विधी केला की मामला बदलला.

गिरणी_नाना
हे बरोबर आहे. पेन्शनचं डोक्यात नव्हतं.

हुतात्मा_सी३
एक शंका. पोलीस नाहक त्रास देऊ शकतात का? लॉजवरच्या धाडींच्या बातम्या वाचून लोक घाबरतात.

काळाकोट
दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने खुशबू प्रकरणात २०१० लाच हे स्पष्ट केलंय. घरच्यांकडून जिवाला धोका असेल तर २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, हेल्पलाइन आणि सुरक्षित निवाऱ्याचे निर्देश दिलेत. पोलीस आयुक्तांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तातडीला ११२.

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून अशा जोडप्यांना नोंदणी सक्तीची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो फॉर्म तिथला आहे, महाराष्ट्रात तशी नोंदणी नाही. भरून द्यायला घेऊन येतात लोक.

आणि @रामवाडीकर, माझा प्रश्न तसाच आहे.

रामवाडीकर
उशिराबद्दल माफी, विचारून घेत होतो. तिचं लग्न २०१६ चं. २०२१ मध्ये दोन्हीकडच्या पंचांसमोर शंभराच्या बाँडवर सोडचिठ्ठी झाली. दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. तो आता कलबुर्गीला असतो. दोघं हिंदू. मूल नाही. कोर्टात कोणी गेलं नाही, गरज वाटली नाही म्हणे.

शेंगाचटणी
बाँड तर आहे की मग. आता तोही पाचशेचा झालाय. सोडचिठ्ठीसुद्धा महागली.

काळाकोट
मग घर शोधणं तूर्त थांबवा. हा धागा भाडेकराराचा नाही, तिच्या आधीच्या लग्नाचा आहे.

बाँडवर घटस्फोट होत नाही. नोटरी फक्त सही कोणी केली एवढं सांगतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीची काडीमोड राखून ठेवली आहे हे खरं, पण त्या समाजात ती रूढी पूर्वापार, अखंड चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. "आमच्यात असंच असतं" एवढ्यावर भागत नाही. तोवर कायद्याच्या नजरेत ती कलबुर्गीच्या माणसाची बायको आहे. त्यातून काय काय निघतं बघा.

नोंदणी लग्न करायला गेले तर नोटिशीवर पहिल्या नवऱ्याचा आक्षेप टिकेल. लपवून लग्न केलंच, तर ते रद्दबातल, वर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ म्हणजे द्विविवाह, ७ वर्षांपर्यंत.

लग्न न करता राहिले तर व्यभिचार म्हणून गुन्हा नाही, ते कलम २०१८ मध्ये गेलं. पण कलम ८४ अजून आहे, विवाहित स्त्रीला फूस लावून नेणं. टिकेल न टिकेल, नवऱ्याने तक्रार दिली की या नव्या माणसाला चौकीच्या चकरा आहेतच.

आता तिची बाजू. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात "विवाहसदृश संबंधा"तल्या बाईलाही संरक्षण आहे. तो संबंध कसा ओळखायचा हे वेलुसामी निकालाने २०१० मध्ये सांगितलं: समाजात जोडपं म्हणून वावर, कायदेशीर वय, बराच काळ स्वेच्छेने एका घरात राहणं, आणि दोघंही लग्नाला पात्र असणं. शेवटच्यावर ती अडकते. उद्या या माणसाने हाकललं तर हे संरक्षण तिच्या हातून निसटू शकतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूल. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६: वैध लग्न चालू असताना झालेलं मूल नवऱ्याचंच धरायचं. त्या काळात दोघांना एकमेकांजवळ येणं शक्यच नव्हतं असं सिद्ध केलं तरच सुटका. म्हणजे जुळे सोलापुरात जन्मलेल्या बाळाचा कायदेशीर बाप कलबुर्गीत.

कडकभाकरी
वाचून चहा गार झाला.

होटगीरोड_आजी
काळाकोट वकीलबाई अगदी खरं बोलतायत. त्यात वारसाचंही घाला. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या मालमत्तेला पहिले वारस मुलं आणि नवरा. मूल नाही म्हणजे आईवडिलांकडून वारशाने आलेलं सोडून बाकी सगळं त्या सोडलेल्या नवऱ्याला. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅटसुद्धा!

हुतात्मा_सी३
पण पाच वर्षं कोणी कोणाचं तोंड बघितलेलं नाही. व्यवहारात लग्न संपलेलंच आहे. कायद्याने एवढं ताणावं का?

काळाकोट
ताणू नये असं मलाही वाटतं. आपल्या जिल्ह्यात बाँडवर सुटलेल्या बायका कमी नाहीत, आणि पंच पैसे घेऊन बसतात पण हे सांगत नाहीत. मात्र कायदा बदलेपर्यंत थांबण्यापेक्षा उपाय सोपा आहे.

हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब, परस्पर संमतीने घटस्फोट. वर्षभर वेगळं राहणं लागतं, ते कधीच झालंय. अर्ज सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात करता येतो. बायको जिथं राहते तिथं तिला दाद मागता येते, कलबुर्गीला जायची गरज नाही. लागतं काय: लग्नाची पत्रिका किंवा फोटो, दोघांचे आधार, पत्त्याचा पुरावा, पोटगी आणि स्त्रीधनाचं काय ठरलं त्याच्या लेखी अटी. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात ६ महिन्यांचं अंतर, पण २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ते माफ करून मागता येतं. इतकी वर्षं वेगळे आणि देणंघेणं मिटलेलं असेल तर माफीचा अर्ज जोडाच. पहिल्या अर्जापासून १८ महिन्यांच्या आत दुसरा अर्ज झाला पाहिजे.

इथं तो बाँड कामाला येतो. घटस्फोट म्हणून शून्य, पण २०२१ पासून वेगळे आहेत याचा पुरावा म्हणून उत्तम. मूळ प्रत जपून ठेवा.

नवरा सहीला आला नाही तर एकतर्फी अर्ज, दोन वर्षांहून जास्त त्यागाच्या कारणावर. त्याला वेळ लागतो. आणि तो अडवून पैसे मागेल हेही धरून चाला. म्हणून आधी निरोप माणसाकरवी पाठवा, नोटीस नंतर.

अशोकचौक
बाँड दाखवून पुन्हा लग्न लावलेल्या बायकांचं काय? असे कितीतरी संसार चाललेत.

काळाकोट
नव्या नवऱ्याने स्वतःचं आधीचं लग्न लपवून फसवलं असेल तर २०१३ च्या बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे निकालाने बाईला पोटगी दिलीय, तो आपल्या महाराष्ट्रातलाच खटला. उलट माणूस विवाहित आहे हे माहीत असून राहिलेल्या बाईला त्याच वर्षीच्या इंद्रा सरमा निकालात हिंसाचार कायद्याचा लाभ नाकारला गेला. मुलांची बाजू बळकट आहे. रद्दबातल लग्नातल्या मुलांना आईबापांच्या मालमत्तेत वाटा आहे, २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निकालाने बापाच्या वाटणीत येणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या हिश्श्यातही.

टिळकचौक_सीए
पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून. हुकूमनामा झाल्यावर समजा ते लग्न न करता राहिले, तर:

१. आयकराच्या लेखी लग्नाशिवायचा जोडीदार म्हणजे "नातेवाईक" नाही. नवऱ्याने बायकोला कितीही दिलं तरी तिला कर नाही. इथं वर्षात ५०,००० च्या वर भेट गेली की सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात. घरखर्च वाटून घेणं वेगळं, पण तिच्या खात्यात गाडीसाठी एकदम दोन लाख टाकायचे तर हातउसन्याचा कागद करा आणि परतफेड बँकेतूनच दाखवा.

२. राहतं घर नवरा-बायको, मुलं यांना बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक २०० रुपये. जोडीदाराला ती सवलत नाही, विक्रीसारखाच दर. म्हणून घर घ्यायचं तर पहिल्याच खरेदीखतात दोघांची नावं आणि टक्केवारी लिहा, ६०-४० असेल तर ६०-४०. नुसती दोन नावं लिहिली की भानगड. एकत्र कर्ज मिळेल का हे बँकेत आधीच विचारा, बऱ्याच बँकांना सहकर्जदार पती-पत्नी किंवा रक्ताच्या नात्यातलाच लागतो.

३. पीएफ. आईवडील अवलंबून असतील तर ते "कुटुंब", मग जोडीदाराचं नामनिर्देशन चालत नाही. कुटुंब नसेल तर कोणालाही करता येतं, पण लग्न झालं की ते आपोआप रद्द. तिच्या बाबतीत जुना नवरा अजून कुटुंबात मोडतो. स्त्री सभासदाला लेखी कळवून नवऱ्याला वगळता येतं, हे तिने उद्याच करावं, हुकूमनाम्याची वाट बघायची गरज नाही.

४. बँकेत नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. पैसे तिच्या हाती येतील, पण वारस मागू शकतात. म्हणून मृत्युपत्र.

होटगीरोड_आजी
मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार मात्र पाहिजेत, आणि ज्याला द्यायचं त्यालाच साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी भावकी असेल तर करून टाकावी. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान बघा. पंचाहत्तरीचे काका साक्षीला घेतात आणि नंतर साक्ष द्यायला कोणीच उरत नाही.

शेंगाचटणी
आजी, तुमचं मृत्युपत्र झालंय वाटतं. शेंगाचटणीचा डबा कोणाच्या नावावर?

होटगीरोड_आजी
तुझं नाव कापलंय.

दवाखाना_बाय
दवाखान्याचं राहिलं. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या पेशंटची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची सही लागते हा गैरसमज. पेशंट बेशुद्ध असेल तर जवळचं नातेवाईक शोधतात, तिथं अडतं. विमा, ओपीडीची फाइल, सगळीकडे "संपर्क व्यक्ती" म्हणून जोडीदाराचं नाव आधीच घालून ठेवा. गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने "पती"च्या जागी "जोडीदार" आलाय. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते.

जन्मदाखला: अविवाहित आईला बापाचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. बापाचं नाव घालायचंच असेल तर प्रसूतीच्या वेळीच फॉर्मवर दोघांनी बरोबर भरा, मागाहून दुरुस्तीला फार हेलपाटे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी येतंच. दत्तक मात्र विसरा, जोडप्याला किमान दोन वर्षांचा स्थिर विवाह लागतो.

विजापूररोड_जागा
मूळ प्रश्नावर येतो. हुकूमनामा यायला सहा-आठ महिने धरा. तोवर करार त्याच्या एकट्याच्या नावावर करून ती आली-गेली, असं चालेल का?

काळाकोट
चालेल, पण मग तुम्हीच वर सांगितलेली जिन्यातली बॅग तिची असणार. त्यापेक्षा तिने स्वतःच्या नावावर वेगळी खोली ठेवावी. संमतीच्या अर्जात आपण कुठं राहतो हे तिला शपथेवर लिहायचंय. तिथं या माणसाचा पत्ता दिसला की कलबुर्गीवाल्याचा भाव वाढतो.

रामवाडीकर
सगळ्यांचे आभार. तिने नवऱ्याच्या मामांकरवी निरोप धाडलाय, तो सही द्यायला तयार दिसतो. हुकूमनामा मिळाल्यावर लगेच पुढचं केलं तर चालतं का, की थांबावं लागतं?

काळाकोट
एकत्र राहायला थांबायची गरज नाही. लग्न करायचं असेल तर वादी-प्रतिवादी (संमतीशिवाय, भांडून मिळालेल्या) हुकूमनाम्यात अपिलाची मुदत जाऊ द्यावी लागते, ९० दिवस धरा. (अपील आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, ऑगस्ट २०२५ पासून. मुंबईची खेप वाचली.) परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालयातून अपील नसतं, त्यामुळे तिथं हा प्रश्न येत नाही.

निकाल लागला त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज करा आणि दोन नकला काढा. एक विवाह अधिकाऱ्याकडे किंवा पीएफला जाते ती परत येत नाही. आधारवरचं नाव आणि हुकूमनाम्यातलं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, माहेरचं की सासरचं, हे अर्ज दाखल करण्याआधीच बघा. नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा तारीख.

रामवाडीकर
आधारवर अजून सासरचं आडनाव आहे. लग्नाच्या पत्रिकेत माहेरचं.

काळाकोट
मग अर्जात दोन्ही लिहा, "उर्फ" घालून.